बातमी लगेच सांगते, डॉक्टर आधी विचारतात

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, भाच्याने दप्तरातून काढून सोफ्यावर ठेवलेलं चॉकलेट आमच्या कुत्रीने, ठमीने खाल्लं. कागद तिने बाजूला काढून ठेवला होता (हे तिला कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही), आतलं चॉकलेट मात्र जवळजवळ संपलेलं. भाचा रडायला लागला, ताई त्याला ओरडायला लागली आणि मी फोन हातात घेऊन डॉक्टरांना फोन लावायच्या आधी बातम्या शोधल्या, तीच माझी चूक.

पहिल्याच बातमीत तज्ज्ञांचा इशारा होता की चॉकलेट म्हणजे कुत्र्यासाठी विष. दुसरीत एक तुकडासुद्धा जिवावर बेतू शकतो असं लिहिलेलं. तिसरीत एका 'पेट एक्स्पर्ट'चा सल्ला होता की लगेच मिठाचं पाणी पाजा म्हणजे उलटी होईल. मी अक्षरशः स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा हातात घेतला होता. तेवढ्यात ताईने आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि मॅडमनी घाबरवलं पण नाही आणि धीर पण दिला नाही, त्यांनी विचारायला सुरुवात केली. वजन किती? चॉकलेट कुठलं, दुधाचं, डार्क की बेकिंगचं? कागद आहे का, त्यावर ग्रॅम किती लिहिलेत? किती वाजता खाल्लं? हृदयाचं काही दुखणं, फिट येण्याचा त्रास आहे का? आत्ता काय करतेय?

वजन १४ किलो. दुधाचं चॉकलेट, ४० ग्रॅमची वडी, त्यातलं साधारण ३० ग्रॅम पोटात. मॅडमनी फोनवरच हिशोब केला आणि नंतर मला समजावूनही सांगितला, तो इथे लिहितेय कारण इतक्या बातम्या वाचून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्रास होतो तो मुख्यतः चॉकलेटमधल्या थिओब्रोमीनमुळे, ते कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम असतं, पांढऱ्यात जवळजवळ नसतंच आणि केकमध्ये घालायच्या कडू चॉकलेटमध्ये दुधाच्या सात-आठ पट असू शकतं. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते, ४०-५० ला हृदयावर परिणाम दिसतो आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. ठमीच्या पोटात किलोमागे पाच मिलिग्रॅमसुद्धा गेलं नव्हतं. तेच ३० ग्रॅम बेकिंग चॉकलेट असतं तर आकडा तिसाच्या वर गेला असता, आणि मग मॅडम म्हणाल्या, मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता गाडीत बसायला सांगितलं असतं.

मिठाचं पाणी म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. रक्तातलं सोडियम एकदम वाढलं तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात, कुत्रा जाऊही शकतो. म्हणजे चॉकलेटने ठमीला जे झालं नसतं ते मी माझ्या हाताने केलं असतं.

त्या रात्री ठमी नीट झोपली, मी नाही झोपले. मनात एकच घोळत होतं की त्या पहिल्या दोन बातम्या खोट्या नव्हत्या. चॉकलेट वाईटच. पण बातमीने मला काहीच विचारलं नाही. कुठला कुत्रा, किती किलोचा, काय आणि किती खाल्लं. डॉक्टर आधी विचारतात आणि मग सांगतात, बातमी विचारू शकत नाही म्हणून नुसतीच सांगते. ज्या तज्ज्ञाचं नाव घेऊन सांगते त्याने बहुतेक वेळा 'पण', 'जर', 'साधारणपणे' असं काहीतरी म्हटलेलं असतं, ते वाटेत कुठेतरी गळून पडतं. तेव्हापासून मी प्राण्यांवरच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचते, आणि मागे वळून बघितलं तर ठमीच्या अख्ख्या आयुष्यात मी हेच गळून पडलेले शब्द न शोधता किती गोष्टी करत आले ते दिसतं.

मिठीची बातमी घ्या. तीन वर्षांपूर्वी ताईने फॉरवर्ड केली होती, कुत्र्यांना मिठी मारलेली आवडत नाही, तज्ज्ञांचा अभ्यास सांगतो, अशी. भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि आल्या आल्या ठमीच्या गळ्यात पडायचा. त्या दिवसापासून घरात दोन पार्ट्या पडल्या. आई म्हणाली काय बोलताय, इतकी वर्षं मी हिला जवळ घेऊन बसते. ताई म्हणाली अभ्यासात आलंय. मी मधल्यामध्ये ठमीला हात लावायलाच बिचकायला लागले आणि ती बिचारी मधल्या वेळी येऊन गुडघ्यावर डोकं ठेवून माझ्याकडे बघत बसायची.

मग मी मूळ गोष्ट शोधली. पहिलं म्हणजे ती २०१६ च्या एप्रिलमधली होती, बातमी सहा-सात वर्षं तारखेशिवाय फिरत फिरत आमच्यापर्यंत आली होती. दुसरं, तो अभ्यास म्हणजे कॅनडातले मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टॅन्ली कोरेन यांनी 'सायकॉलॉजी टुडे'च्या साइटवर लिहिलेला लेख होता. त्यांनी इंटरनेटवरचे लोक कुत्र्यांना मिठी मारतानाचे २५० फोटो घेतले आणि कुत्र्याच्या चेहऱ्यावर ताणाच्या खुणा दिसतात का ते तपासलं. ८१.६ टक्के फोटोंमध्ये निदान एक तरी खूण दिसली, ७.६ टक्के कुत्रे निवांत वाटले, उरलेल्यांचं नक्की सांगता येत नव्हतं. कोरेन यांनी स्वतःच सांगितलं की ही सहज केलेली निरीक्षणं आहेत, इतर शास्त्रज्ञांनी तपासून मग छापलेला रीतसर शोधनिबंध नाही. तोवर जगभरच्या साइट्सनी तो 'नवा अभ्यास' म्हणून छापून टाकलेला.

आता विचार करा, फोटोतल्या माणसाला तो कुत्रा ओळखत होता का? समोर कॅमेरा धरून कोणी 'इकडे बघ इकडे बघ' करत होतं का? मिठी पाच सेकंदांची होती की पाच मिनिटांची? फोटोत यातलं काही दिसत नाही. पण म्हणून तो लेख टाकाऊ होता असं मला मुळीच वाटत नाही, उलट त्यात कामाची गोष्ट होती ती म्हणजे खुणा कुठल्या बघायच्या ते. कुत्रा मान फिरवून दुसरीकडे बघतो, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसायला लागतो, कान मागे चिकटतात, काही खायला नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. ही माहिती मुलं असलेल्या प्रत्येक घरात हवी, कारण लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, घरातला नाहीतर नात्यातल्या कुणाचा, आणि तो चावण्याआधी बहुधा अशा खुणांनी सांगत असतो. आम्हाला आलेल्या बातमीत ८१.६ चे ८२ होऊन मोठ्या अक्षरात होते आणि खुणांबद्दल एक ओळ नव्हती.

आम्ही मग ठमीलाच विचारलं. म्हणजे असं, भाच्याला शिकवलं की आधी बाजूला बसायचं, तिला येऊ द्यायचं, छातीवर नाहीतर मानेच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. ती जवळ सरकली, हाताला नाक लावलं तर अजून, मान वळवली किंवा उठून गेली तर बास. पहिल्याच आठवड्यात कळलं की आईने शेजारी बसून पाठीवरून टाकलेला हात तिला चालतो, नुसता चालत नाही तर हवा असतो, आणि भाच्याने समोरून येऊन गळ्याला घातलेली मिठी तिला नको असते. म्हणजे आई पण बरोबर आणि ताई पण. एकाच कुत्रीची दोन उत्तरं, ती हेडलाइनमध्ये कुठे बसवणार.

खाण्याचं प्रकरण मात्र जास्त महागात पडलं, ठमीला.

ती साधारण चार वर्षांची होती तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा धान्य खात नाही, म्हणून कुत्र्याला धान्य देणं चूक. तज्ज्ञ म्हणून ज्यांचे फोटो छापून येत होते त्यातले किती जण खरंच प्राण्यांच्या आहारावर शिकलेले होते हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं विकतचं खाणं सुरू केलं. खरं तर २०१३ मध्येच 'नेचर'मध्ये अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला होता की माणसाबरोबर राहता राहता कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवायची क्षमता वाढलेली आहे, स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात तर कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे लांडग्याचा दाखला तेव्हाच लंगडा पडलेला होता. पण 'तुमच्या घरात एक लांडगा आहे' हे वाचायला छान वाटतं, मलाही वाटलं.

आणि मग जून २०१९ मध्ये उलटी बातमी आली. ग्रेन-फ्री खाण्याने कुत्र्यांना हृदयविकार, सोळा ब्रँडची यादी. ठमीचा ब्रँड यादीत होता. त्या रात्री मी पिशवीच्या पिशवी फेकून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम दुसरं खाणं वाढलं. तीन दिवस जुलाब. चौथ्या दिवशी सलाइन. डॉक्टरांनी विचारलं खाणं किती दिवसांत बदललंत, मी म्हटलं एका रात्रीत, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून दिलं की नवं खाणं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदलायचं. ते वाक्य खाण्याच्या पिशवीच्या मागेही छापलेलं असतं, मी तीही वाचली नव्हती. तिच्या पायाला लावलेली ती सुई मला अजून दिसते.

नंतर डोकं शांत झाल्यावर ती बातमी नीट वाचली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, जुलै २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की काही प्रकारचं खाणं आणि डीसीएम यांचा संबंध आहे का ते आम्ही तपासतोय. डीसीएम म्हणजे हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय पसरतं आणि रक्त नीट ढकलू शकत नाही, डोबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींमध्ये हा आजार तसाही आनुवंशिक असतो, पण ज्या जातींत तो सहसा दिसत नाही त्यांच्यातही तक्रारी यायला लागल्या म्हणून ही चौकशी. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळात ५२४ तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यात ५१५ कुत्र्यांबद्दलच्या आणि ९ मांजरांबद्दलच्या. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त खाणं ग्रेन-फ्री होतं आणि बहुतेकांत वाटाणा किंवा मसूर होता. म्हणजे प्रश्न कदाचित धान्य नसण्याचा नव्हताच, धान्याच्या जागी जे भरभरून घातलं त्याचा असू शकत होता. आणि ब्रँडची यादी म्हणजे दोषींची यादी नव्हती, तक्रारींमध्ये ज्यांची नावं दहा किंवा त्याहून जास्त वेळा आली त्यांची ती यादी होती. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, बातमी छापून आली की तक्रारी वाढतात हेही आहेच.

डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने सांगितलं की नवीन ठोस शास्त्रीय माहिती मिळाल्याशिवाय आता या विषयावर वरचेवर अपडेट देणार नाही, आणि आलेल्या तक्रारींच्या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. हे मी कुठल्याही मथळ्यात वाचलं नाही, दोन वर्षांनी दुसरंच काहीतरी शोधताना सापडलं. मला सगळ्यात राग कशाचा येत असेल तर याचा. घाबरवणारी बातमी दारात येऊन पडते आणि त्याच गोष्टीचं पुढे काय झालं ते आपण शोधत जायचं. डीसीएमचा प्रश्न मिटला असं कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे मी स्वतः परत ग्रेन-फ्रीकडे गेले नाही, पण ते डॉक्टरांशी बोलून ठरवलं आणि दहा दिवसांत बदललं.

आता सगळ्यात जुनी गोष्ट सांगते, जी मी फार कुणाला सांगत नाही.

ठमी तीन महिन्यांची असताना मी टीव्हीवर आणि पेपरात येणाऱ्या ट्रेनर मंडळींचं सगळं ऐकायचे. घरात तुम्ही 'अल्फा' असायला हवं. तिच्या आधी तुम्ही खा, दारातून आधी तुम्ही जा, ऐकलं नाही तर पाठीवर पाडून धरून ठेवा जोवर ती शांत होत नाही. मी ते केलं. दोनदा. दुसऱ्या वेळी ठमीने तिथेच शू केली आणि मग शांत पडून राहिली आणि मला वाटलं जमलं. ती शांत झाली नव्हती, भीतीने गोठली होती. त्यानंतर कितीतरी महिने मी एकदम वाकले की ती जमिनीला चिकटायची.

हा अल्फा आला कुठून ते वाचल्यावर तर मला जास्तच वाईट वाटलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, ते लांडगे छोट्या जागेत एकत्र ठेवलेले होते आणि सारखे भांडायचे. पुढे अमेरिकेतले डेव्हिड मेक यांचं लांडग्यांवरचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि अल्फा हा शब्द सगळीकडे पसरला. पण त्याच मेक यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समीर बेटावर तेरा उन्हाळे मोकळ्या लांडग्यांबरोबर काढले आणि १९९९ च्या निबंधात स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारण आई, बाप आणि त्यांची पोरं. गादीसाठी मारामारी करून कुणी अल्फा होत नाही, पिल्लं झाली की आपोआप घरातले मोठे होतात. आपलं ते जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे ते स्वतः कितीतरी वर्षं लागले होते. ज्या माणसाचा दाखला देऊन हे सगळं चालतं त्याने स्वतः ते मागे घेतलं, आणि पाठीवर पाडून धरायचा सल्ला मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी टीव्हीवर बघितला. पशुवैद्यकांच्या अमेरिकेतल्या वर्तनविषयक संघटनेने २००८ मध्ये वर्चस्वाच्या या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली आणि २०२१ मध्ये अजून स्पष्ट सांगितलं की शिकवायचं ते बक्षीस देऊन शिकवा, मारून, घाबरवून, झटके देणाऱ्या पट्ट्याने नको. तेही मला बातमीत नाही भेटलं.

इथे एक गोष्ट आहे जी बातमी लिहिणाऱ्यांनी खरंच पाळायला हवी, 'तज्ज्ञ' म्हणजे कोण ते लिहा. पशुवैद्य वेगळा, त्यातही वर्तनावर पुढे शिकलेला पशुवैद्य वेगळा, आहारावरचा वेगळा, ट्रेनर वेगळा, पिल्लं विकणारा ब्रीडर वेगळा, आणि खूप फॉलोअर असलेला माणूस तर अजूनच वेगळा. बऱ्याच देशांत डॉग ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलीच परीक्षा लागत नाही, उद्या मी पाटी लावली तर मीपण ट्रेनर. हृदयाच्या आजाराबद्दल ट्रेनरला विचारून 'तज्ज्ञ म्हणतात' लिहिलं तर ते मला चालणार नाही. आणि सल्ला देणारा स्वतः तेच खाणं किंवा तोच पट्टा विकत असेल तर ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं, शेवटी नाही.

असं का होतं त्याचाही मी विचार करते. संशोधक निबंध लिहितो, त्यात मर्यादांचा एक अख्खा भाग असतो. विद्यापीठ प्रसिद्धीपत्रक काढतं, त्यात मर्यादांच्या दोन ओळी उरतात. एक साइट त्यावरून बातमी करते, एक ओळ. बाकीच्या साइट्स त्या साइटवरून उचलतात, शून्य. आणि मथळा देणारा माणूस बहुतेक वेळा बातमी लिहिणारा नसतोच. कुणी मुद्दाम खोटं बोललेलं नसतं, पण आपल्यापर्यंत येईतो नुसती वरची साल उरते.

वयाचंच बघा. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात हे चूक आहे हे आता बऱ्याच जणांना माहितीये, ते पसरलं ते चांगलंच झालं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या गटाने डीएनएवरच्या रासायनिक खुणा बघून नवीन सूत्र दिलं, वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम गुणिले १६ अधिक ३१. त्याप्रमाणे एक वर्षाचा कुत्रा म्हणजे ३१ वर्षांचा माणूस, पाच वर्षांचा ५७, आणि आत्ता अकराची असलेली ठमी ६९. लगेच सगळीकडे 'तुमच्या कुत्र्याचं खरं वय काढा' सुरू झालं. पण तो अभ्यास १०४ कुत्र्यांवर होता आणि सगळेच्या सगळे लॅब्रॅडॉर. छोट्या जाती जास्त जगतात, ग्रेट डेनसारखे महाकाय कुत्रे लवकर म्हातारे होतात, आणि आमची ठमी तर कुठल्याच एका जातीची नाही. मी डॉक्टरांना ६९ सांगितलं तर त्या हसल्या, मग तिचे दात बघितले, डोळ्यांत टॉर्च मारला, मागचे पाय वाकवून बघितले, वजन केलं आणि म्हणाल्या, आता वर्षातून एकदा नाही, सहा महिन्यांनी आणत जा.

एक मात्र नक्की लिहायचंय कारण ते जिवाशी आहे. दर उन्हाळ्यात बातमी येते की उष्माघात झालेल्या कुत्र्यावर गार पाणी टाकू नका, शॉक बसेल, कोमट पाणी वापरा, नाहीतर ओला टॉवेल गुंडाळा. हा जुना सल्ला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांचं आता उलट सांगणं आहे, आधी थंड करा मग दवाखान्यात न्या. तरुण, धडधाकट कुत्रा असेल तर डोकं वर धरून सरळ पाण्यात बसवा, म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं, योग्य तापमानाचं पाणी शोधत बसायचं नाही. अंगावर गुंडाळून ठेवलेला टॉवेल थोड्या वेळात तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. चपट्या नाकाच्या जातींना तर फार कमी वेळ मिळतो. हा बदल मला एका चांगल्या बातमीतूनच कळला. त्या पत्रकाराने जुना सल्ला काय होता, तो का बदलला, कोणी बदलला, कुठल्या कुत्र्याला काय करायचं, सगळं लिहिलं होतं. असं लिहिता येतं, त्याला फक्त चार ओळी जास्त लागतात.

मी बातम्या वाचणं बंद केलेलं नाही, उलट जास्त वाचते. फक्त आता कुत्रे किती होते, कुठले होते, कोणी तपासले, डॉक्टरांनी की मालकांनी फॉर्म भरून सांगितलं, हे शोधते, तारीख बघते आणि मग काहीही बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारते. ताईलापण आता सवय झालीये, ती लिंक पाठवते आणि खाली स्वतःच लिहिते, 'किती कुत्र्यांवर ते लिहिलेलं नाहीये.'

परवा तिने अजून एक पाठवली. म्हाताऱ्या कुत्र्यांमधला स्मृतिभ्रंश, रात्री जागणं, कोपऱ्यात उभं राहणं, तज्ज्ञ सांगतात लक्षणं. वाचून पोटात गोळा आला कारण गेले दोन आठवडे ठमी रात्री तीनला उठते, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभी राहते आणि दार उघडायची वाट बघते, जिथून ते कधीच उघडत नाही. मी लगेच फोन केला. मॅडमनी पुन्हा तेच, विचारायला सुरुवात केली. पाणी जास्त पितेय का, शू किती वेळा, जिन्यावर कचरते का, दिवसा झोपते किती, अंधारात धडकते का. म्हणाल्या स्मृतिभ्रंश असू शकतो, पण ते नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, आधी सांधे दुखतायत का, मूत्रपिंड कसं आहे, लघवीत इन्फेक्शन आहे का, डोळ्यांना दिसतंय किती, हे बघू, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

गुरुवारी रक्त आणि लघवी तपासायला न्यायचंय. त्यांनी रात्रीचे व्हिडिओ मागितलेत, तीन काढून झालेत. तिसऱ्यात ती दारापाशी उभी आहे, मी हळूच हाक मारते, ती वळून बघते, शेपटी हलवते आणि माझ्याकडे चालत येते. हा व्हिडिओ मी पहिला दाखवणार आहे.